ताबा सुटला म्हणजे नेमकं काय सुटलं?

"चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने पिकअप उलटली."

पावसाळा लागला की हे वाक्य वर्तमानपत्रात दिसायला लागतं. गाव बदलतं, घाट बदलतो, जखमींचा आकडा बदलतो. वाक्य तेच राहतं. पोलिसांच्या फिर्यादीतून ते प्रेसनोटमध्ये येतं, प्रेसनोटमधून बातमीत आणि बातमीतून लोकांच्या तोंडी. वाक्य खोटं नाही. गाडी उलटली म्हणजे ताबा सुटलाच. पण ताप आलेल्या पेशंटच्या केसपेपरवर "अंग गरम लागते" एवढंच लिहून डॉक्टर घरी गेले, तर आपण त्याला निदान म्हणू का?

ताबा सुटतो तेव्हा कधी ड्रायव्हरचा डोळा लागलेला असतो, कधी तो प्यायलेला असतो, कधी वेग जास्त असतो. हे सगळं खरं आहे आणि अशाच कारणांनी बरेच अपघात होतात. पण कधीकधी स्टेअरिंग आणि चाक यांच्यामधली एखादी कडी निकामी झालेली असते. ती एका दिवसात निकामी होत नाही. महिनोन्महिने सांगून होते. माझं म्हणणं एवढंच आहे की ते सांगणं ऐकायची, मोजायची आणि कागदावर लिहायची सोय आपल्याकडे नियमात आहे, रस्त्यावर नाही. आणि त्याची किंमत रोजंदारीवरचा ड्रायव्हर आणि हौद्यात बसलेली माणसं मोजतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पश्चिम पट्ट्यात भातलावणीला मजूर बायका घेऊन निघालेली एक जुनी फोर-बाय-फोर पिकअप उतारावरच्या वळणावर सरळ गटारात गेली आणि आडवी झाली. एक बाई गेली, चौघी जखमी झाल्या. ड्रायव्हरवर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १०६ खाली गुन्हा दाखल झाला; म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं आणि निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होणं. बातमीत अर्थातच ताबा सुटला होता.

आता हाच ड्रायव्हर टोमॅटोच्या हंगामापासून मालकाला सांगत होता, "मालक, स्टेअरिंग खेळतंय. मी इकडं फिरवतो अन् गाडी मागून ऐकती." मालकाचं उत्तर, "एवढा हंगाम निघू दे, मग टाकू कामाला." मालकही काही कारखानदार नव्हता. एकच गाडी, तिच्यावर कर्ज, आणि गाडी दोन दिवस गॅरेजला उभी म्हणजे दोन दिवसांचं भाडं बुडालं. हे संभाषण पंचनाम्यात कुठेच नाही. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात उभी राहिली. मी एका जुन्या फिटरला घेऊन ती बघायला गेलो तोवर बरेच दिवस उलटले होते. त्याने खाली वाकून एका टाय रॉडच्या टोकाकडे बोट दाखवलं. रबराची टोपी फाटलेली, आत ग्रीसचा पत्ता नाही, बॉल सॉकेटमधून बाहेर आलेला. मी विचारलं, "हे आधी झालं का आपटल्यावर झालं?" तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी बघितलं असतं तर सांगितलं असतं. ताजा तुकडा चकचकीत असतो, जुना तडा काळा पडलेला असतो. आता सगळंच गंजलं."

म्हणून तो अपघात स्टेअरिंगमुळे झाला असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. माझा आक्षेप नेमका त्याला आहे.

या गाड्या कशा जगतात तेही बघा. अकोल्यापासून राजूर, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या बाजूला जा. जिथे एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते आणि पाड्यापर्यंतचा रस्ता पावसात ओढा होतो, तिथे जुनी फोर-बाय-फोर पिकअप म्हणजे मालगाडी, शाळेची गाडी, वऱ्हाडाची गाडी आणि रात्री-बेरात्री अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी खताच्या गोण्या, हंगामात संगमनेर-नारायणगावकडे टोमॅटोचे क्रेट. पुढे-मागे पाटे, पुढे आडवा सॉलिड अ‍ॅक्सल, चिखलातून निघायला पुढच्या चाकांनाही ताकद. ही बांधणी दणकट असते, म्हणूनच ती पंधरा-वीस वर्षं टिकते. पण स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जोड बरेच असतात: स्टेअरिंगचा रॉड, त्याचं कपलिंग, स्टेअरिंग बॉक्स, बॉक्समधून निघणारा आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड, त्यांची टोकं, किंगपिन आणि शेवटी चाकाचं बेअरिंग. प्रत्येक जोडात थोडी थोडी झीज झाली की सगळी मिळून ड्रायव्हरच्या हातात येते.

चांगला मिस्त्री निदान कसं करतो ते मी अनेकदा बघितलंय. त्याला पहिल्यांदा कॉम्प्युटर लागत नाही. तो विचारतो, गाडी खेळते, ओढते, थरथरते की जड चालते? या चार तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

गाडी खेळत असेल तर दोन माणसं लागतात. गाडी सपाटीवर, चाकं सरळ, जमिनीवर टेकलेली. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. एकाने स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने बाजूला बसून, चाकासमोर न येता, एकेका जोडावर हात ठेवत बॉक्सपासून चाकापर्यंत जायचं. जोडाची अलीकडची बाजू हलते आणि पलीकडची हलत नाही, किंवा उशिरा हलते, तो जोड गेला. मग जॅक लावून, खाली घोडी देऊन चाक उचलायचं. चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं की टाय रॉडची टोकं बोलतात. बारा आणि सहाच्या जागी धरून हललं तर किंगपिन किंवा बेअरिंग. यातलं कोणतं? दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर किंगपिन. यात काय खर्च आहे? वीस मिनिटं आणि दोन माणसं.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर लोक थेट अलाइनमेंटला पळतात. त्याआधी हवा तपासा. पुढचे दोन टायर आपसात बदला; ओढ बाजू बदलते का बघा, बदलली तर दोष टायरचा. चालवून आल्यावर चाकांजवळ हात न्या. एक जास्त तापलं असेल तर ब्रेक अडकतोय. आणि जुन्या पाट्याच्या गाडीत एक तपासणी हमखास राहून जाते. टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक आला तर पाट्यांचा मधला बोल्ट तुटून किंवा यू-बोल्ट ढिले होऊन अ‍ॅक्सल सरकलेला असू शकतो. तिथे अलाइनमेंट करून काही उपयोग नाही.

थरथर सगळ्यात घाबरवणारी. गाडी ठरावीक वेगाला येते, एखाद्या खड्ड्यावरून जाते आणि पुढची दोन्ही चाकं जोरात डावी-उजवी हलायला लागतात, स्टेअरिंग हातात राहत नाही. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाड्यांचा हा जुना आजार. टायरचं बॅलन्सिंग, सैल टाय रॉड, झिजलेलं किंगपिन, पाट्यांचे घासलेले बुश, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की तो उद्भवतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी सरळ धरत वेग उतरू द्यावा. आणि नंतर गॅरेजला नेल्यावर फक्त स्टेअरिंगचा डँपर बदलून समाधान मानू नये. डँपर थरथर दाबतो, आजार तसाच ठेवतो.

जड चालत असेल तर हवा, पॉवर स्टेअरिंगचं ऑइल आणि बेल्ट आधी बघायचं. तरी जड असेल तर मिस्त्री ड्रॅग लिंक सोडतो. स्टेअरिंग मोकळं फिरलं तर बॉक्स चांगला आहे, दोष खाली किंगपिनमध्ये. ग्रीस न मिळालेलं किंगपिन गंजून अडकलेलं असतं. चिखलात उतरणाऱ्या गाडीचं सील फाटलं की पाणी-माती थेट तिथपर्यंत जाते.

फोर-बाय-फोरचा एक खास प्रकार इथेच सांगतो. या जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल लिव्हर टाकल्यावर एकमेकांशी घट्ट जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरतं म्हणून चालून जातं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही. मग स्टेअरिंग जड होतं, वळणावर झटके देतं, लिव्हरही निघता निघत नाही. ड्रायव्हर म्हणतो स्टेअरिंग बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, पाड्यावरून वर येताना फोर-बाय-फोर काढायची राहिलेली असते. थोडी रिव्हर्स घेतली की लिव्हर बहुधा सुटते. हे कुणी शिकवलेलंच नसतं, कारण लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायचा असतो, फोर-बाय-फोर कुणी विचारत नाही.

आता चुकीची दुरुस्ती. स्टेअरिंग खेळतंय म्हटलं की काही ठिकाणी पाना घेऊन बॉक्सच्या वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळतात. पाच मिनिटांत काम. प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, पण झीज टाय रॉडच्या टोकात असेल तर ती तशीच राहते, आणि जास्त आवळलेला बॉक्स मध्यावर अडकायला लागतो; वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. दुसरा प्रकार, वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणं किंवा तुटलेल्याला वेल्डिंग मारणं. स्टेअरिंगच्या कुठल्याही रॉडला वेल्डिंग चालत नाही, मग तो वेल्डर कितीही हुशार असो. तिसरा प्रकार, माल जास्त भरता यावा म्हणून पाटे वाढवणं. पुढे पाटे वाढवले की गाडी उचलते आणि ड्रॅग लिंक तिरपी होते. मग खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी न सांगता बाजूला वळते. मागे पाटे वाढवून हौदा दाबून भरला की पुढचा भाग हलका होतो, स्टेअरिंग बोटाने फिरतं. ड्रायव्हर खूश असतो, पण पुढच्या टायरने रस्ता अर्धवट सोडलेला असतो.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ वाचा. स्टेअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. स्टेअरिंगच्या सांध्यांतल्या बॉल जॉइंटना रबराच्या टोप्या असल्या पाहिजेत. नट-बोल्ट सुटणार नाहीत असे लॉक केलेले असले पाहिजेत. एवढं स्पष्ट लिहिलेलं आहे. साधारण ४० सेंटीमीटर व्यासाचं स्टेअरिंग धरलं तर ३० अंश म्हणजे कडेवर दहा सेंटीमीटरच्या आसपास. अर्धी वीत म्हणा. ही शेवटची मर्यादा आहे, चांगल्या गाडीचा खेळ यापेक्षा पुष्कळ कमी असतो. ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. मोकळं स्टेअरिंग फिरवण्यात अर्धा सेकंद गेला तर साडेपाच मीटर गाडी तुमचं न ऐकता पुढे गेली. आमच्या घाटातल्या वळणांवर डांबराच्या कडेला साडेपाच मीटर कुठे आहेत?

मालवाहू गाडी आठ वर्षांपुढे गेली की तिचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. म्हणजे जुन्या पिकअपचं स्टेअरिंग वर्षातून एकदा सरकारी माणसाच्या नजरेखालून जायलाच हवं. पासिंगच्या दिवशी काय बघितलं जातं, हे कुठल्याही गाडीमालकाला विचारा: रंग, रिफ्लेक्टर, दिवे, नंबरप्लेट, विम्याचा आणि पीयूसीचा कागद, फार तर मैदानात एक फेरी. गाडीखाली वाकून टाय रॉडला हात लावलेला किती जणांनी बघितला? इन्स्पेक्टरवरच सगळं ढकलायचं नाही मला. मोजके इन्स्पेक्टर, समोर गाड्यांची रांग, गाडीखाली उतरायला धड खड्डाही नाही, तर तो तरी काय बघणार? केंद्राने २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आणले, त्यांच्या सक्तीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या. यंत्रं येतील तेव्हा येतील. अर्धी वीत मोजायला यंत्र लागत नाही, खडू लागतो.

अपघातानंतरचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ मध्ये अपघातग्रस्त गाडीच्या तपासणीची तरतूद आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या अपघात तपासाच्या केंद्रीय नियमांत यांत्रिक तपासणी अहवालाचा ठरलेला नमुना आहे. कागद आहे. पण तपासणी उशिरा झाली आणि त्यात "ब्रेक व स्टेअरिंग तपासले" एवढीच एक ओळ आली, तर त्या कागदाने ना ड्रायव्हरला न्याय मिळतो, ना पुढचा अपघात टळतो.

यावर काही जण म्हणतील, मालवाहू गाडीत माणसं बसवलीच का? बरोबर आहे, बसवू नयेत. असे प्रवासी मेले तर विम्याचे पैसे मिळतानाही सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आडवे येतात, हेही लोकांना कळायला हवं. पण लावणीच्या दिवशी सकाळी सातला पाड्यावरून शेतापर्यंत जायला दुसरं काय आहे, याचं उत्तर द्यायची जबाबदारी त्या बाईची नाही. आणि हौद्यात माणसांऐवजी टोमॅटो असते तरी ती गाडी समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर गेलीच असती. दुसरे म्हणतील, रस्तेच असे आहेत, कुठलं स्टेअरिंग टिकणार? तेही खरं. खड्डे टाय रॉड खातात. म्हणूनच खराब रस्त्याच्या तालुक्यात तपासणी जास्त वेळा हवी. रस्ता होईपर्यंत जोड झिजायचे थांबणार नाहीत.

आणि मालकांची बाजू. जुन्या गाडीवाल्याला सरकारी तपासणी म्हणजे दंड आणि एजंट एवढंच माहीत आहे. दोष सापडला की गाडी अडकवणार, या भीतीने तो दोष लपवतो. त्यामुळे निव्वळ कडक कारवाईची मागणी मी करत नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, पासिंगच्या कागदावर "स्टेअरिंग ठीक" या शेऱ्याऐवजी मोजलेला खेळ अंशांत लिहा आणि टाय रॉडची टोकं, किंगपिन, रबरी टोप्या यांच्यापुढे वेगवेगळी खूण करा. आकडा लिहिला की खाली वाकावं लागतं.

दोन, दर मे महिन्यात डोंगरी तालुक्यांत पावसाळ्याआधीचं मोफत तपासणी शिबिर घ्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड असेल तर खड्डा, जॅक आणि शिकणारी पोरं तिथेच आहेत. त्या दिवशी सापडलेल्या दोषावर दंड नाही, दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत. पोरांनाही खऱ्या गाडीवर हात बसेल.

तीन, माणूस दगावलेल्या अपघातातल्या गाडीची तपासणी लवकरात लवकर, गंज चढायच्या आत व्हावी. तोवर गाडी ताडपत्रीखाली ठेवा. तुटलेल्या जोडाचे जवळून फोटो आणि "तुटणं जुनं की ताजं" हा रकाना अहवालात असू द्या. ड्रायव्हरची चूक असेल तर तीही त्यातून पक्की होईल.

चार, ड्रायव्हरची तक्रार लेखी घ्यायची सवय. मोठं काही नको. ड्रायव्हर भावांनो, "स्टेअरिंग खेळतंय" हे मालकाला तोंडी सांगता, तेच व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा टाकून ठेवा, तारीख आपोआप पडते. आणि मालक मंडळी, ते वाचून रागावू नका. टाय रॉडचं टोक बदलायला एखाद-दुसऱ्या भाड्याचे पैसे जातात. कोर्टाच्या तारखांना किती जातात ते ज्याच्यावर वेळ आलीय त्याला विचारा.

आमच्या पत्रकार मित्रांनाही एक विनंती. प्रेसनोटमध्ये ताबा सुटला असं आलं की ठाणे अंमलदाराला एकच प्रश्न विचारा, "गाडीची यांत्रिक तपासणी झाली का, कधी?" झाली असेल तर तारीख छापा. झाली नसेल तर तेही छापा.

त्या ड्रायव्हरचा खटला अजून उभा राहायचाय. तो सध्या दुसऱ्याच्या शेतावर ट्रॅक्टर चालवतो.

आपल्या ओळखीत कुणाची जुनी पिकअप असेल तर ही पोस्ट त्याला पाठवा. उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी स्टेअरिंगच्या कडेला खडूने एक रेघ मारा, पुढचं चाक हलायला लागेपर्यंत फिरवा, मग उलट्या बाजूला तसंच, आणि दोन्ही रेघांमधलं अंतर पट्टीने मोजा. अर्धी वीत भरली तर गाडी रस्त्यावर काढू नका, मिस्त्रीला घरी बोलवा.